आढीतली बाटली

गेल्या वर्षी फेब्रुवारीतल्या एका रविवारी दुपारी विंझरला आतोबांच्या पडवीत इटलीहून आलेली व्हाइट वाइनची बाटली उघडण्यात आली. त्याआधी सहा वर्षं ती भाताच्या पेंढ्यात होती.

आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. वस्तू सांभाळण्यात त्यांचा हात धरणारा माणूस भोर आणि वेल्हे या दोन्ही तालुक्यांत झाला नाही. राजगडला निघालेल्या कुणा ट्रेकरचा एक मोजा पडवीत राहिला, तर तो धुऊन, घडी घालून, वर तारखेची चिठ्ठी लावून त्यांनी चार वर्षं फळीवर ठेवला. उसनी आणलेली पहार ते तेल लावून परत करत. शेजारी पुढे पहार गंजली की मुद्दाम उसनी देऊ लागला. आंब्याची आढी घालावी तर त्यांनीच. लग्नाची तारीख सांगून ठेवायची, आतोबा नेमके त्या दिवशी पिकलेले आंबे काढून देत.

ती बाटली एका वयस्कर इटालियन पाहुण्यांची. गड पाहायला आले, पाय मुरगळला आणि आठ दिवस आतोबांकडे राहिले. त्यांचा द्राक्षमळा होता. राबणारी माणसं घरचीच, फवारणी नाही, खत शेणाचं. आतोबांचा आंबेमोहोर भातही तसाच. एकमेकांची भाषा येत नसताना दोघे शेणखतावर तासन्‌तास बोलत. पुढच्या वर्षी पाहुण्यांनी गडावर येणाऱ्या ओळखीच्यांबरोबर घरची बाटली पाठवली. आतोबांनी जन्मात दारूला हात लावलेला नव्हता. "पावनं आलं म्हंजी त्येंच्यासंगं फोडू," ते म्हणाले, आणि मानाची जागा म्हणून बाटली आढीत निजवली. दर उन्हाळ्यात ते पेंढा बदलत. भावकीतल्या तिघांनी ती पिकली का ते बघून देण्याची तयारी दाखवली, तेव्हा आतोबांनी आढीच्या खोलीला कुलूप घातलं.

सहा वर्षांनी पाहुणे आले ते काठी टेकत. दुभाष्याचं काम माझ्याकडे होतं. बाटलीतून निघालं ते गुळाच्या पाण्यासारखं. आतोबा पाहुण्यांच्या तोंडाकडे पाहत राहिले. पाहुण्यांनी घोट घेतला आणि ते इंग्रजीत जे बोलले ते मी जसंच्या तसं सांगितलं: "त्या वर्षीची एकही बाटली आमच्या घरात उरलेली नाही. आम्ही सगळ्या पिऊन टाकल्या."

"मंग? म्या ठिवलीय न्हवं," आतोबा म्हणाले, आणि त्या आनंदात त्यांनी आयुष्यातला पहिला घोट घेतला. त्यांचं तोंड वाकडं झालं. "आंबलीया," ते हळूच म्हणाले.

"म्या पयल्या उन्हाळ्यातच म्हनलं हुतं," आत्या म्हणाली. "उबंत आंबा पिकतो. रस न्हाई टिकत. पर हितं माजं ऐकतंय कोन."

आतोबांनी पेला खाली ठेवला. पाहुण्यांनी भाषांतराची वाट न पाहता आपला रिकामा पेला पुढे केला. मग आणखी एकदा केला. बाटली संपेपर्यंत ते उठले नाहीत. मधे त्यांनी मला एवढंच विचारलं, की पेंढा कोणत्या भाताचा होता.

यंदा जानेवारीत त्यांची मुलगी विंझरला आली. वडील दिवाळीच्या सुमारास गेले, असं तिने सांगितलं. तिच्याबरोबर नवी बाटली होती आणि वडिलांचा निरोप होता: पोचेल त्याच दिवशी उघडायची. आतोबा बराच वेळ बाटली मांडीवर घेऊन बसले. त्याच दुपारी त्यांनी ती उघडली.