वाकडा कल्ला

तीस वर्षांत इतकी डोकी हाताखालून घातल्यावर डोक्याबद्दल डॉक्टरांनी आपल्याला काय शिकवावं, अशी न्हाव्याची ठाम समजूत होती. त्यामुळे दुकानाचं शटर निसटून त्याच्या उजव्या कानामागे आदळलं, तेव्हा त्याने स्वतःच डोकं चाचपलं आणि निकाल दिला, "टेंगूळ नाही, म्हणजे काही नाही."

तरीही बायकोने त्याला ओढत दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी मेंदूचा फोटो दाखवला.

"मेंदूला मुका मार लागलाय. आज डाग वाटाण्याएवढा आहे, पण आत रक्त झिरपत राहतं, भोवती सूज चढते. पहिले एक-दोन दिवस तो वाढू शकतो. इथेच राहा, उद्या परत फोटो काढू."

"वाटाण्यासाठी कोणी खाट अडवतं का?" असं म्हणून पठ्ठ्याने स्वतःच्या जबाबदारीवर सही ठोकली आणि घर गाठलं. बायको बोलून बोलून थकली. पालथ्या घड्यावर पाणी.

दुसऱ्या दिवशी सकाळी खुर्चीत गुरुजी बसले. शाळेतून निवृत्त झालेले, वीस वर्षांचं गिऱ्हाईक. काल शटर लागल्यापासून डोकं जरा ठणकतंय, बाकी झकास, अशी न्हाव्याची बडबड चालली होती. कल्ले कापून झाले. गुरुजींनी आरशात पाहिलं. उजवा कल्ला जागच्या जागी होता आणि डावा दोन बोटं वर.

"दोन्ही सारखे आहेत का रे?"

"एका रेषेत आहेत गुरुजी."

केसभर फरक पडला तरी ज्याला जेवण जात नसे, त्याला दोन बोटं दिसत नव्हती. त्यांनी वाद घातला नाही. त्याच्या हातातला वस्तरा काढून घेतला, गळ्यातल्या कापडासकट त्याला घेऊन रस्त्यावर आले आणि दवाखान्यात जायला गाडी थांबवली.

नव्या फोटोत वाटाण्याचं लिंबू झालं होतं; उजवीकडच्या त्या डागाने त्याची डावीकडची नजर खाल्ली होती. त्याच दुपारी ऑपरेशन झालं. शुद्धीवर आल्यावर न्हाव्याने तासलेल्या डोक्यावरून हात फिरवला.

"कोणत्या अडाण्याने भादरलंय हे?"

बायको दोन दिवसांत पहिल्यांदा रडली.

दीड महिन्याने दुकान उघडलं. गुरुजी येऊन खुर्चीत बसले. मधल्या काळात त्यांनी दुसऱ्या कोणाच्या हाती मान दिली नव्हती. घरी दाढी करताना दोन्ही कल्ले होते तिथेच राखले होते. लोक हसले, सुनेने तोंड लपवलं, तरी.

"हे काय ध्यान करून ठेवलंय गुरुजी?"

"तूच केलंस. सारखे आहेत म्हणालास."

न्हाव्याने दोन्ही कल्ल्यांवर बोटं टेकवून आरशात पाहिलं. मग त्याने बाहीने डोळे पुसले.

"नाहीत सारखे," तो म्हणाला आणि त्याने वस्तरा उचलला.