‘आता तपास’ ही एक ओळ

भाजल्यावर लावायच्या मलमाचा वास आला की तारापूरच्या कारखान्यातली ती दुपार आठवते. रसायनाच्या भांड्याच्या तापमानावर लक्ष ठेवणारा प्रोग्राम मी लिस्प या संगणकभाषेत लिहिला होता, आणि तो वेगाने चालावा म्हणून कंपाइल करतानाच, म्हणजे मशीनच्या भाषेत उतरवतानाच, त्याला सांगून ठेवलं होतं की आकडे तपासत बसू नकोस. त्या दुपारी सेन्सरकडून मध्येच भलतंसलतं येऊ लागलं. मी घाईघाईने चालू प्रोग्राममध्ये ‘आता सगळं तपास’ ही सूचना टाइप केली, मशीनने ती मुकाट्याने घेतली, आणि जवळच्या माहीम गावाहून येणाऱ्या ऑपरेटरला मी म्हणालो, “आता काळजी नाही, काही चुकलं तर बेल वाजेल.” बेल वाजली नाही. सूचना फक्त यापुढे कंपाइल होणाऱ्या प्रोग्रामला लागू होती. चालू होता तो तपासणी वगळूनच तयार झाला होता. स्क्रीनवर ‘ठीक’, खाली भांडं शिट्ट्या मारतंय, आणि मी वेड्यासारखा तीच ओळ पुन्हा पुन्हा टाइप करतोय. शेवटी वाफेचा तापलेला कॉक ऑपरेटरने उघड्या हाताने बंद केला. तळव्याला मलम लावून घेताना तो एवढंच म्हणाला, “तुमी बोललात म्हनून मी बगायला गेलो नाय, साहेब.” आता घरात कुणाचं बोट भाजलं, तर मलमाची ट्यूब मी दुसऱ्याच्या हातात देतो.