चहाआधी बाजू बदला

गजभिये मॅडमची आणि माझी ओळख झाली ती मिरचीवरून. मी भिवापूरहून नागपूरला एम.ए. करायला आलो होतो. पहिल्याच तासाला मॅडमनी प्रत्येकाला गाव विचारलं. माझं गाव ऐकताच त्यांनी हातातला खडू खाली ठेवला आणि विचारलं, की मिरचीचा भाव चढला की तोडणीला जास्त बाया लावतात का? मी मिरची पिकवणाऱ्या घरातला, बाजारातच लहानाचा मोठा झालेला. पण हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. शहरात शुद्ध बोलायचं असं ठरवून आलो होतो, तेही त्या क्षणी विसरलो.

"मले नाही माहीत, मॅडम."

"बरं झालं," मॅडम म्हणाल्या. "माहीत असतं तं इथं काहून आला असता?"

वर्ग हसला आणि मॅडमही हसल्या. तेव्हापासून मी त्यांच्यासाठी 'भिवापूरवाले' झालो, आणि 'काहून' हा शब्द जो माझ्या मागे लागला तो आजतागायत सुटलेला नाही.

प्रा. विमलताई गजभिये यंदा पंचाहत्तर वर्षांच्या होत आहेत. त्यांनी सगळी हयात एकाच प्रश्नापाशी काढली असं म्हटलं तर ते चुकीचं ठरणार नाही. आपल्यासारख्या वर येऊ पाहणाऱ्या देशांत सरकार मोठं झालं की लोकांना कामं मिळतात की नुसती महागाई वाढते? चहाच्या टपरीवर या प्रश्नाचं उत्तर प्रत्येकाच्या खिशात असतं. मॅडमकडे ते नसे, आणि नसल्याची त्यांना मुळीच लाज वाटत नसे.

दर शनिवारी दुपारी त्यांच्या घरी आमची बैठक भरे. पोहे आल्या आल्या मिळत, चहा मात्र मिळत नसे. एकानं आपलं म्हणणं मांडायचं, दुसऱ्यानं ते खोडायचं आणि मग दोघांनी बाजू बदलायच्या. समोरच्याचं म्हणणं इतकं नेटकं मांडायचं, की त्यानं मान डोलावून 'हो, हेच म्हणायचं होतं मला' असं कबूल केलं पाहिजे. तोवर आधण चुलीवर चढत नसे. एकदा आमच्यातले दोन हट्टी मित्र मान डोलवायलाच तयार होईनात. आम्ही सगळे तसेच कोरड्या घशानं घरी गेलो. मॅडमनीही त्या दिवशी चहा घेतला नाही, असं त्यांच्या सूनबाईंनी नंतर सांगितलं.

मॅडमचं नाव झालं ते एका निबंधानं. अनेक देशांचे आकडे तपासून त्यांनी दाखवलं होतं, की जिथे देशाच्या उत्पन्नातला सरकारी खर्चाचा वाटा वाढला, तिथे कामं घटली आणि भाव चढले. हे लिहिणं त्यांना सोपं गेलं नसणार. त्यांच्या घरात पहिला पगार आला तो वडिलांच्या सरकारी नोकरीतून; आजोबांनी धम्मदीक्षा घेतली आणि वडिलांनी नोकरी धरली, या दोन गोष्टींनी घर उभं राहिलं, असं त्या नेहमी सांगत. निबंध छापून आल्यावर वस्तीतल्या वडीलधाऱ्यांनी त्यांना विचारलं, की ज्या शिडीनं वर आलीस तीच काढून घेतेस काय? मॅडमनी त्यांना बसवून घेतलं, सगळे आकडे समजावून दिले आणि शेवटी म्हणाल्या, की मलाही हे आवडलेलं नाही, पण दिसलं ते लिहिलं. मोठमोठ्या सभांची बोलावणी येऊ लागली. भाषणांत त्यांच्या निबंधाचे दाखले निघू लागले.

मी त्यांच्याच हाताखाली पीएच.डी. करत होतो. तेच आकडे पुन्हा चाळताना मला एक गोष्ट खटकली. पाहुणे गावाला गेले की घरातलं तेच पातेलं मोठं वाटू लागतं, तसंच इथे झालं होतं. दुष्काळ किंवा मंदी आली की देशाचं उत्पन्न खाली येतं. सरकारनं एकही माणूस नवा घेतलेला नसतो, तरी त्याचा वाटा कागदावर फुगतो. कामं तर मंदीनंच गेलेली असतात. ती वाईट वर्षं बाजूला काढून पाहिलं तर सरकारच्या आकाराचा आणि कामांचा संबंध जवळपास पुसूनच गेला. महागाईचा संबंध थोडा उरला, पण कामांचा नाही.

मला आनंद व्हायला हवा होता, पण मी तेच आकडे पुन्हा पुन्हा तपासत बसलो. ज्यांच्या सहीवर माझी पदवी, त्यांच्याच आयुष्यभराच्या कामाचा पाया मी हलवत होतो. मित्रांनी बजावलं, की पाण्यात राहून माशाशी वैर धरू नको, पदवी पदरात पडू दे आणि मग काय ते बोल.

शनिवारी मी बोललो. मॅडम शेवटपर्यंत ऐकत राहिल्या. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला.

"चाल, बाजू बदल," त्या म्हणाल्या.

आणि मॅडम स्वतःच्या निबंधाविरुद्ध उभ्या राहिल्या. माझं म्हणणं त्यांनी माझ्यापेक्षा चांगलं मांडलं. निबंधातली मला न दिसलेली दोन छिद्रंही दाखवली. त्यांच्या निबंधाची बाजू मला घ्यावी लागली, तेव्हा उमगलं की महागाईबद्दलचं त्यांचं म्हणणं अजून बरंच टिकून आहे. आधी मी मान डोलावली, मग मॅडमनी. स्वयंपाकघराकडे वळून त्यांनी आवाज दिला, "सूनबाई, चहा ठेव वं." माझे डोळे भरून आले होते, मी पोह्यांतल्या मिरचीवर ढकललं.

पुढच्या आठवड्यात त्यांनी ज्या नियतकालिकात निबंध आला होता, तिथे आपली चूक दुरुस्त करणारं टिपण छापायला पाठवलं. हळूहळू सभांची बोलावणी आटली. माझ्या पदवीवर कुणी बोट ठेवू नये म्हणून त्यांनी स्वतः होऊन मार्गदर्शकपद सोडलं, आणि माझ्या तोंडी परीक्षेला शेवटच्या रांगेत येऊन बसल्या.

त्यानंतर त्या आम्हांला नागपूरजवळच्या वाडीला घेऊन गेल्या. गोदामांजवळ खानावळ चालवणाऱ्या एका बाईंना त्यांनी विचारलं, की सरकारी कामं निघाली की काय होतं? बाई म्हणाल्या, "रस्त्याचं काम निघते तं डबे वाढते. मंग तेल बी महाग होते." मॅडम पुढे सरसावल्या. आधी काय वाढतं, डबे की तेलाचा भाव? बाई हसल्या, ते पाहिलं नव्हतं म्हणाल्या. परतीच्या वाटेवर मॅडम एखाद्या विद्यार्थिनीसारख्या खुशीत होत्या, कारण नवा प्रश्न हाती लागला होता. तो त्यांनी अजून सोडलेला नाही.

पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथाला होकार देताना त्यांनी एकच अट घातली, की निदान एका लेखात तरी त्यांची चूक दाखवलेली असावी. ते काम माझ्याकडे आलं. मी हा लेख लिहायला बसलो असतानाच मॅडमचा फोन आला.

"भिवापूरवाले, तुमचा प्रबंध पुन्हा वाचून राहिले. वाईट वर्षं तुम्ही बाजूला काढले. पण सरकार खरं लागते ते त्याच वर्षी. तेच काढलं तं मंग मोजलं काय गा आपण?"

मी प्रबंध कपाटातून काढून समोर ठेवला. इतकी वर्षं मी तो प्रबंध शिकवतो आहे, आणि हा प्रश्न माझ्या एकाही विद्यार्थ्यानं विचारलेला नाही. पंचाहत्तराव्या वर्षी तो मॅडमना पडला.

येत्या शनिवारी बैठक माझ्या घरी ठेवली आहे. मॅडम माझ्याविरुद्ध बोलतील आणि मग आम्ही बाजू बदलू. त्यांचं म्हणणं त्यांच्यापेक्षा चांगलं मांडायची माझी तयारी अजून झालेली नाही. त्याला बरीच वर्षं लागतील असं दिसतं. म्हणून मॅडम, तुम्हांला उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो, गुडघे ठणठणीत राहोत आणि नजर अशीच तीक्ष्ण राहो. पोहे तयार असतील. आधण मात्र तुम्ही मान डोलावल्यावरच ठेवेन.