होडीवर वाचलेले धडे

रेवदंड्याच्या कोळीवाड्यात मी बरीच वर्षं शिकवलं. पण शिकणं म्हणजे काय याचा विचार आला, की मला माझा कुणी विद्यार्थी आठवत नाही. आठवतो नामा चोगले. मॅट्रिक होऊन समुद्रावर परतलेला, पस्तिशी ओलांडलेला, स्वतःच्या होडीचा तांडेल, म्हणजे होडी हाकणारा म्होरक्या.

१९५८ साली मच्छीमार सोसायटीला वरून कळवलं गेलं, की वर्षभरात सहकाराची पदविका झालेला व्यवस्थापक नेमा. आपल्यातला कुणी तयार झाला नाही तर शहरातून माणूस येणार आणि तो मासळीच्या व्यापाऱ्यांच्याच शब्दातला असणार, ही कोळीवाड्याची धास्ती. मॅट्रिक झालेला नामा एकटाच.

तो माझ्या ओटीवर येऊन बसला. पदविकेसाठी पुण्याला वर्षभर राहणं शक्य नव्हतं. होडी कोण नेणार? उरला अलिबागचा शनिवार-रविवारचा वर्ग, नाहीतर मुंबईहून टपालानं येणारे धडे.

"अलिबागला जा," मी म्हणालो. "समोर शिक्षक हवा. टपालाला शंका कशी विचारशील?"

"तुमी मास्तर, गुरुजी, तुमी तसंच सांगनार." तो हसला. "पन जाळ्याचा खुंट कुठं ठोकायचा ते किनाऱ्यावर बसून कलत न्हाय. एक उधाण हितं बघायचं, एक तितं."

त्याची बायको केसर टोपली घेऊन चालली होती. ती थांबली. "बायको करताना न्हाय बघितलीस ती दोन ठिकानी!"

"तवा मना अक्कल नव्हती."

"आता तरी कुठं हाय?" म्हणून ती गेली.

नामानं खरोखरच तसं केलं. एक पंधरवडा तो वर्गाला बसून आला, दुसऱ्यात त्यानं टपालाचे पहिले धडे वाचले. मग येऊन म्हणाला, "टपाल."

"वर्गात समजलं नाही?"

"वर्गात जास्ती समजला, गुरुजी. पन मना एकट्यालाच समजला. धडा होडीवर नेता येतो. उद्या खुर्चीवर मी बसेन, पन सभेत हात वर करनारे माजे खलाशी."

मला ते पटलं नव्हतं. भांगाच्या दिवसांत, भरती-ओहोटीला जोर नसतो तेव्हा होड्या किनाऱ्यावर असतात. अशा एका दुपारी मी तिकडे गेलो. खलाशी जाळी शिवत होते आणि नामा मोठ्यानं घसाऱ्याचा धडा वाचत होता.

"थांब," म्हातारा धर्माजी म्हणाला. "होडी जुनी होते म्हून दर साली पैशे बाजूला ठेवायचे? आपली तं अजून तरंगते!"

"तरंगते तवाच ठेव," सदू ओरडला. "बुडाल्यावर कशातनं ठेवशील?"

मग जे भांडण जुंपलं, तसं माझ्या कुठल्याही धड्यावर वर्गात कधी जुंपलं नव्हतं. शेवटी नामानं शंका लिहून मुंबईला धाडली. उत्तर आलं तेव्हा हातातल्या सुया थांबल्या आणि सगळ्यांनी ते ऐकलं.

परीक्षा नेमकी पुनवेच्या उधाणात, भर मासळीच्या दिवसांत आली. खाडीतून एकेक होडी बाहेर पडली, नामाची मात्र काठावरच. तो अलिबागला गेला होता. मी धर्माजीला विचारलं, "तुम्ही सुकाणू धरून का नाही गेलात?"

"आज आमची पन परीक्षा हाय, गुरुजी," तो म्हणाला. सगळे होडीच्या सावलीत बसून होते. कुणी जाळ्याला हात लावला नव्हता.

नामा उत्तीर्ण झाला, व्यवस्थापक झाला. पहिल्या सर्वसाधारण सभेत मी मागे बसलो होतो. प्रत्येक होडीनं घसाऱ्यासाठी दरसाल रक्कम बाजूला काढावी, असा ठराव त्यानं मांडला आणि कुजबुज वाढू लागली. "होडी तं तरंगते!" कुणीतरी ओरडलं.

नामा उत्तर द्यायला उठतच होता. त्याच्या आधी धर्माजी उभा राहिला. हळूहळू, पुन्हापुन्हा सांगत, त्यानं घसारा समजावला. सहीच्या जागी ज्याचा अंगठा लागे, तो माणूस. एकेक हात वर होऊ लागला.

आणि व्यवस्थापकाच्या खुर्चीतला नामा मान खाली घालून ऐकत होता, पहिल्या बाकावरचं मूल ऐकतं तसा.