दुसरा कुठाय?

मोजणीअप्पांनी मला माझा भाऊ परत दिला. हे आधी लिहून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्यामुळं झालं. मी आज घरापासून इतक्या लांब, इस्राएलात, एका बिल्डिंगीच्या सातव्या मजल्यावर गिलावा करतोय आणि गावाकडं माझ्या शेताला माझा भाऊ पाणी देतोय, ही त्यांची पुण्याई. मी आठवीत शाळा सोडलेला माणूस. लिहिताना मागंपुढं होईल, पण त्यांच्याबद्दल खोटं लिहिणार नाही.

अप्पा सरकारी मोजणी खात्यातून रिटायर झालेले. कपाळावर विभूती, डोक्यावर पांढरी टोपी, खांद्यावर लोखंडी साखळी. पूर्वी शेतं ह्या साखळीनंच मोजायचे. आता मशीन आली, तरी आमच्या कर्नाटकातल्या औराद भागातल्या खेड्यांत भावाभावांची वाटणी असली की लोक अप्पांनाच बोलवायचे. शेतावर आले की साखळी खाली टाकायचे, बांधावर बसायचे, टोपी काढून गुडघ्यावर ठेवायचे आणि विचारायचे, "दुसरा कुठाय?"

दुसरा म्हणजे ज्याच्याशी भांडण आहे तो. तो आला नसेल तर अप्पा साखळीला हात लावत नसत. एकदा एका पुढाऱ्यानं जीप पाठवून त्यांना नेलं. "समोरचा येत न्हाई अप्पा, तुम्ही वडा की रेघ," म्हणाला. अप्पा म्हणाले, "त्याला रेघ म्हणत न्हाईत मालक. त्याला ओरखडा म्हणतेत." आणि चालत परत आले, कारण जीप काही सोडायला आली नाही.

आता माझं सांगतो. सांगायला लाज वाटते, पण ते सोडलं तर अप्पा कळणार नाहीत.

वडील गेल्यावर मी आणि अण्णा, माझा थोरला भाऊ, शेत अर्धं अर्धं करून खात होतो. मध्ये बांध होता, तो दरवर्षी नांगरताना थोडा माझ्याकडं सरकायचा. निदान मला तसं वाटायचं. एका उन्हाळ्यात बोलण्यावरनं बोलणं वाढलं आणि मी कुऱ्हाडीचा दांडा अण्णाच्या खांद्यावर घातला. त्याचं हाड मोडलं. त्यानंतर दोन वर्षं आमचं बोलणं बंद. एकाच गल्लीत घरं, पण वहिनी मला पाहून पदर ओढून आत जायची आणि त्याची पोरगी माझ्या दाराकडं बघत नव्हती.

मी अप्पांना बोलावलं, की एकदाची हद्द करून टाका. ते आले, बसले, टोपी गुडघ्यावर. "दुसरा कुठाय?"

"येत न्हाई अप्पा. लई माज आलाय त्याला."

अप्पांनी माझ्याकडं पाणी मागितलं, प्यायले, साखळी उचलून गेले. दुसऱ्या खेपेला मी अण्णाच्या मेव्हण्याला आणून उभं केलं. अप्पांनी त्याला खालीवर पाहिलं. "हा साक्षीदार झाला. दुसरा कुठाय?"

"निरोप धाडलो व्हतो अप्पा."

"निरोप धाडायला तू काय तहसीलदार हैस का? सोता जा की."

"मी कामून जाऊ? त्यो..."

"मारलास तू का त्यानं?"

मी गेलो. दार अर्धंच उघडलं. अण्णा आतनंच म्हणाला, "दांडा आणलास का?"

"न्हाई अण्णा."

"हात दाव."

मी दोन्ही हात पुढं केले. दोन वर्षं मी ज्याला माज समजत होतो ती भीती होती. सख्खा भाऊ मला भीत होता. ते मला त्या दारात कळलं, आणि त्या दारात मला पाठवलं होतं अप्पांनी.

दुसऱ्या दिवशी अण्णा आला. साखळी पडली, खुणा झाल्या. विहीर अण्णाच्या वाट्यात गेली. माझं तोंड उतरलं. अप्पांनी ते बघितलं आणि अण्णाला म्हणाले, "तुझ्या वाट्यात विहीर है. मग वाट तुला सोडायला लागते. आधी वाट, मागनं दगड." विहिरीपर्यंतची वाट पायानं आखल्याशिवाय त्यांनी दगड उचलू दिला नाही.

मग त्यांची रीत. हद्दीच्या दगडाखाली कोळसा पुरायचा. कोळसा कुजत नाही, पुढं कुणी दगड हलवला तरी उकरलं की खरी जागा सापडते. ही रीत जुनी आहे. अप्पांचं म्हणणं इतकंच, की कोळसा दोन्ही घरच्या चुलीचा पाहिजे. मी शहाणपणा करून दोन पुड्या माझ्याच घरातनं आणल्या होत्या. अप्पांनी दोन्ही हातात चुरून बघितल्या. "दोन्ही बाभळीचेच. तुम्ही दोघं अजून एकाच चुलीवर जेवायलाव का?" अण्णा हसला. दोन वर्षांनी मी त्याला हसताना बघितलं. पण त्याच्या घरी गॅस! मग तो पळत गेला आणि न्हाणीतल्या पाणी तापवायच्या चुलीतला कोळसा घेऊन आला.

शेवटी दोघांनी दगडाला हात लावायचा आणि एक वाक्य बोलायचं. "पलीकडचं तुझं." अण्णा बोलला. माझ्या तोंडात सारखं "इकडचं माझं" येत होतं.

"ते सगळ्याला येतंय," अप्पा म्हणाले. "ते न्हाई विचारलो मी."

मी बोललो. लई वेळ लागला, पण बोललो.

त्याच साली टीव्हीवर इस्राएल आणि गाझाचं युद्ध सुरू झालं. औरादच्या बाजारात चहाच्या हॉटेलात तेच चालायचं. कुणी म्हणायचं, दोन देश करून टाका, एक यहुद्यांचा, एक पॅलेस्टिनींचा, मोकळं. कुणी म्हणायचं, सात जन्मात व्हणार न्हाई. अप्पा बशीतला चहा फुंकत म्हणायचे, "दुसरा कुठाय?" सगळे हसायचे. "अप्पा, ती टीव्ही है, बांध न्हवं!"

एकदा कुणीतरी आमचंच उदाहरण दिलं. निजामाचं राज्य तीन राज्यांत वाटलंच की. आपण मराठी बोलणारे कर्नाटकात आलो, काय बिघडलं? अप्पांनी बशी खाली ठेवली. "माझा मामा उदगीरला ऱ्हायला, आम्ही इकडं. पण आईला माहेराला जाताना कुणी अडवलं न्हाई, म्हणून ती हद्द आपल्याला टोचली न्हाई. तिथं लेकरं मेलीत. हितलं मोजमाप तिथं लावू नका." 

पुढं इस्राएलला गिलाव्याची माणसं पाहिजेत असं कळलं. मी हैदराबादेत हे काम शिकलेलो. परीक्षा दिली, पास झालो. फॉर्म भरायला अप्पाच बसले माझ्याबरोबर. माझी सही दर वेळी वेगळी येते म्हणून वहीभर सह्या करून घेतल्या. निघताना शेताची किल्ली, म्हणजे पाण्याच्या मोटारीच्या पेटीची, मी अण्णाच्या हातात दिली. अप्पा बघत होते. त्यांनी टोपी नीट केली.

इथं आलो तेव्हा ह्या बिल्डिंगीचं काम अर्ध्यावर होतं. सातव्या मजल्यावरची एक भिंत अर्धी गिलावा केलेली, अर्धी उघडी. उघड्या विटांवर पेन्सिलीनं मापं लिहिलेली, आकडे अरबी, मला न वाचता येणारे. कोपऱ्यात, फडक्यात गुंडाळून, तेलाचा हात लावून ठेवलेली गिलाव्याची एक थापी. थापी अशी कोण ठेवतं ते मी सांगू शकतो. जो उद्या सकाळी परत येणार असतो तो.

तो आला नव्हता. हद्दीपलीकडच्या 'पश्चिम किनारा' भागातले पॅलेस्टिनी मजूर इथं कामाला यायचे. युद्ध सुरू झालं आणि त्यांना आत सोडणं बंद झालं. त्यांच्या जागी आम्ही. हे मला गावी कुणी असं समोर मांडून सांगितलं नव्हतं. खरं सांगायचं तर मी विचारलंही नव्हतं.

आमचा मुकादम इस्राएली, साठीच्या घरातला. जेवताना आपल्या डब्यातली काकडी न विचारता माझ्या ताटात टाकतो. एका दुपारी भोंगा वाजला, आम्ही जिन्यानं पळत खाली बंकरमध्ये गेलो. मी गुडघ्यात डोकं घालून बसलो. त्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि फोनमध्ये बोलू लागला. फोन ते हिंदीत वाचून दाखवतो, आमचं असंच चालतं. म्हणाला, "युद्धाच्या पहिल्या दिवशीच्या हल्ल्यात माझ्या बहिणीचा मुलगा गेला." मग म्हणाला, "ती थापी ज्याची आहे तो माझ्याकडं बारा वर्षं होता. माझ्या मुलीच्या लग्नात जेवला. त्याचा फोन येतो अजून. मी उचलत नाही."

मी विचारलं, का?

त्यानं फोन पुन्हा तोंडाजवळ नेला. मग एवढंच बोलला, आणि फोननं वाचून दाखवलं, "मला भीती वाटते."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी अप्पांना फोन लावला. सगळं सांगितलं. भिंत, थापी, भोंगा, न उचललेला फोन.

"दुसरा कुठाय रे तम्मा?" अप्पा म्हणाले. तम्मा म्हणजे धाकटा भाऊ, मला ते तसंच बोलवायचे. आवाज खोल गेला होता त्यांचा.

"कोण अप्पा?"

"थापीवाला."

"हद्दीपलीकडं. येऊ देत न्हाईत."

"हं. तू त्याच्या जागेवर उभा हैस बग. लाजू नको, तुला बी पोट है. पण जागा कुणाची व्हती ते इसरू नको. नाव काय त्याचं?"

"म्हाईत न्हाई."

"विचार की मग."

मग मी विचारलं. इतके दिवस हॉटेलातलं ऐकलेलं, पण आता माझ्या जिवाशी आलेलं. "अप्पा, हितं दोन देश व्हतील का हो?"

"मी शेत मोजणारा माणूस, मला देश काय इचारतूस."

"तरी सांगा."

"रेघ कुठं बी वडता येती. पण रेघेच्या दुसऱ्या दिशी पाण्याला कोण कुठनं जाणार, ते आधी बसून बोलावं लागतंय. तिथं दोघं बी 'हे माझं' म्हणायलेत. 'पलीकडचं तुझं' कोण म्हणलंय का? दोघांनी बी मारलंय, दोघं बी भ्यालेत. हात दोघाला दावावं लागतेत. तू तर एकदाच मारलास. तुझ्या भावाला दार उघडायला किती दिवस लागलं?"

"दोन वर्षं."

"मग त्येंला किती लागतील, तूच सांग."

"मंजे व्हणार न्हाई?"

"न्हाई म्हणलो का मी?" अप्पा जरा चिडले. खोकले. "तुझ्या भावानं दार उघडलंच की."

तुम्ही शिकलेली माणसं ह्याच्यावर जास्त बोलू शकाल. मला ह्यापेक्षा चांगलं उत्तर मिळालेलं नाही. इथं रोज वर्तमानपत्रं येतात, बिल्डिंगीखाली माणसं मोठ्यानं भांडतात, कुणी म्हणतं होईल, कुणी म्हणतं कधीच नाही. मला दार दिसतं, अर्धं उघडलेलं, आणि माझे पुढं केलेले हात.

पण मी नाव विचारलं नाही. भ्यालो. मुकादमाला राग आला तर? मला घरी पाठवलं तर? आज विचारतो, उद्या विचारतो, असं करत महिना गेला. फोनवर अप्पांनी दोनदा विचारलं, "विचारलास का?" मी म्हणालो, "विचारतो की." तिसऱ्यांदा विचारायला ते राहिले नाहीत.

अण्णाचा फोन आला दुपारी. मी शिडीवर होतो. "मोजणीअप्पा गेले," म्हणाला, आणि रडायला लागला. मग आपणच सांगत राहिला. त्यांच्या शेतातच बसवून माती दिली त्यांना, लिंगायत रिवाजाप्रमाणं. जागा अप्पांनी स्वतःच दाखवून ठेवली होती, बांधापासून लांब. पोराला म्हणाले होते, "मला वाटंत बसवू नका. लोकाला पाण्याला जायचं असतंय."

खड्ड्यात पोरामागनं अण्णानं एक मूठ माती टाकली. दुसरी मूठ माझ्या नावानं टाकली म्हणाला.

मी शिडीवरनं उतरलो. फडक्यातली थापी काढली आणि तशीच मुकादमापुढं नेली. फोनमध्ये बोललो, "ह्याचं नाव काय?" त्यानं थापी हातात घेतली, अंगठ्यानं मूठ पुसली. मग नाव सांगितलं. एकदा, आणि मग पुन्हा एकदा, हळू, मला नीट म्हणता यावं म्हणून. थापी परत माझ्या हातात दिली. त्या दुपारी तो जिन्यात जाऊन बसला होता, फोन हातात. लावला का, ते मला माहीत नाही. मी विचारलं नाही. ते दार त्याचं आहे.

ते नाव मी इथं लिहीत नाही, कारण तो माणूस इथं हजर नाही. अप्पांचं खरं नावही म्हणूनच लिहिलं नाही. गैरहजर माणसाबद्दल आपण एकट्यानं रेघ ओढू नये, हे त्यांच्याकडनंच शिकलो.

अर्धी भिंत मी पुरी केली. सांधा दिसत नाही. त्याचे पेन्सिलीचे आकडे होते तेवढा टीचभर तुकडा मात्र शेवटपर्यंत उघडा ठेवला होता. मुकादमानं पाहिला आणि तसाच राहू दिला. शेवटी तोही मी भरला, पण आधी ते आकडे कागदावर जसेच्या तसे उतरवून घेतले. तो कागद थापीबरोबर फडक्यात आहे.

अप्पा, तुमचं देणं आहे माझ्यावर. तुम्ही मला दारात पाठवलंत, म्हणून मला भाऊ आहे. थापीवाल्याच्या हातात त्याची थापी मी देईन. तो इकडं आला तर इथं, मला तिकडं जाऊ दिलं तर तिकडं, नाहीतर मुकादमाच्या हातनं, पण थापीवाल्यासमोर मी उभा राहून. माझे दोन्ही हात दाखवून देईन. मग गावी येईन, तुमच्या शेतात येईन, टोपी काढून बसेन, आणि तुम्ही विचारायच्या आधी सांगेन की दुसरा भेटला.