एकसारखे डबे

हे मी तुमच्या आजोबांनाही कधी सांगितलं नाही. सायली, परवा फोनवर तू म्हणालीस, माणसाला हवी ती गोष्ट कुणाला न विचारता सापडावी, अशी मांडणी करणं हे तुझं काम. मी बरोबर ह्याच्या उलट केलंय — आणि अगदी नीटनेटकं केलंय.

लग्न होऊन पेणच्या घरात आले, तेव्हा स्वयंपाकघर मोठ्या आजीचं होतं — माझ्या थोरल्या जाऊबाईंचं. मिठागरावर वाढलेली, शाळा न पाहिलेली. कान तुटलेल्या बरणीत साखर, पोचा आलेल्या डब्यात तूरडाळ. तिचा हात कधी चुकत नसे. सगळे तिचंच कौतुक करायचे. मला ते बघवत नव्हतं.

शाळेतल्या माझ्या पगारातून मी एकसारखे डबे आणले. वर इंग्रजी चिठ्ठ्या डकवल्या. घरातल्या बायकांत इंग्रजी कुणाला येत होतं? मला एकटीला. मोठ्या आजीने डब्यांवर तेलात कालवलेल्या कुंकवाच्या खुणा केल्या — साखरेला टिकली, चहाला रेघ — आणि तिचा हात पुन्हा सरावला.

मग तिच्या मुलीला बघायला रोह्याची मंडळी यायची होती, त्या सकाळी — हेच लिहायला बसलेय — मी डब्यांतला माल आपसात बदलला. चिठ्ठ्याही बदलल्या. कुंकवाच्या खुणा मात्र होत्या तशाच ठेवल्या.

पाहुणे ओटीवर, आणि आत झाकणं वाजतायत. सासूबाई सगळ्यांदेखत ओरडल्या, "काय गो, साखर रोह्याहून आणतेस काय?" पाहुणे हसले. मी आत गेले, चिठ्ठी वाचली, साखरेचा डबा तिच्या हातात दिला. मला गंमत वाटली. हो, गंमतच.

त्याच दिवशी सासूबाईंनी स्वयंपाकघर माझ्याकडे दिलं. संध्याकाळी मोठी आजी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "माझं डोस्कं ठिकान्यावर नाय ऱ्हायलं गो. माझीच खूण मला कलत नाय."

"वयानं होतं असं, वहिनी," मी म्हटलं. तेव्हा ती चाळिशीचीही नव्हती.

तिने ते खरं मानलं. शेवटपर्यंत. तुम्ही सुट्टीत यायचात आणि मोठी आजी विसराळू म्हणून हसायचात, आठवतं? तीही तुमच्याबरोबर हसायची. मीसुद्धा हसत होते.