राब कोणी लावायचा

देशाचा कारभार कोणत्या वयापर्यंत माणसाने पाहावा, हा प्रश्न आमच्या ओटीवर निघाला आणि माझ्या बाबांनी तो अंगावर घेतला. प्रश्न माझ्या भाच्याचा होता. लोकसभेची निवडणूक होती, मे महिना होता आणि घरातला टीव्ही दिवसभर बोलत होता. भाचा भिवंडीला गोदामात कामाला आहे आणि त्याला कुठल्याही गोष्टीचा नियम सापडला की बरं वाटतं.

"एसटीच्या ड्रायव्हरचे डोळे तपासतात," तो म्हणाला. "आमच्याकडे पन साठीनंतर गाडीवर बसवत नाय. नि देश चालवायला कितीपन वय चालतं?"

"वय काय बघतो रे?" बाबा म्हणाले. "मानूस नेक पायजे. नेक मानूस शंभरीचा झाला तरी चालतो. खोटा असला तर पंचविशीतला पन गाव बुडवतो."

मी मुरबाडला दिलेली. शाळेतून निवृत्त झाल्यापासून उन्हाळ्यात माहेरी येऊन राहते. माहेर किन्हवलीच्या अलीकडे, शहापूर तालुक्यात. मला अठ्ठावन्नाव्या वर्षी घरी बसवलं तेव्हा माझ्या नेकीची कुणी चौकशी केली नव्हती. पण मी वादात पडले नाही. बाबांनी पंच्याऐंशी ओलांडली होती, आणि ते दिल्लीतल्या कुणाबद्दल बोलत नव्हते हे मला समजत होतं. ते राबाबद्दल बोलत होते.

आमच्याकडे भाताचं रोप टाकायची जागा आधी भाजून घेतात. शेण, पालापाचोळा, झाडांचे टहाळे, वरून माती असे थर द्यायचे आणि उन्हाळ्यात ते पेटवायचे. तण मरतं, माती भुसभुशीत होते. यालाच राब म्हणतात. शेतं एकमेकांना चिकटलेली, वर जंगल, म्हणून गावात पहिला राब एकच माणूस लावतो. तो बघून मग बाकीचे काड्या ओढतात. हा मान बाबांच्या ऐन उमेदीपासून त्यांच्याकडे होता. मान म्हणायचं, पण खरं तर ते काम होतं, आणि काम एवढंच की वारा ओळखायचा. वारा ज्या अंगाला जातो त्या टोकाला काडी लावायची, म्हणजे आग वाऱ्याच्या तोंडावर सावकाश सरपटत येते आणि राब नीट भाजतो. दुसऱ्या टोकाला लावली तर आग वाऱ्याबरोबर पळते. माती कच्ची राहते ती राहते, पुढे जे असेल तेही जळतं.

आणखी एक नियम होता. ज्याने काडी लावली त्याने राख गार होईपर्यंत उठायचं नाही. बाबा सगळ्या जगाला याच मापाने मोजत. एकदा गावात हातपंप बसला तेव्हा मोठे पुढारी आले होते. पंपाला पाणी यायच्या आधीच ते नारळ फोडून, भाषण करून गेले. बाबांनी त्यांना जन्मात पुन्हा मत दिलं नाही. "काडी लावून उठला," एवढंच त्यांचं म्हणणं.

त्या निवडणुकीच्या उन्हाळ्यात, उन्हं कलल्यावर बाबांनी राब लावला. आठदहा माणसं बांधावर उभी होती. मीही होते. वारा खालून, खाडीच्या अंगाने येत होता आणि माझा पदर डोंगराकडे उडत होता. बाबा चालत गेले ते खालच्या टोकाला आणि तिथेच त्यांनी काडी ओढली. मला वाटलं, त्यांच्या मनात काही वेगळं असेल. बहुधा सगळ्यांनाच तसं वाटलं, कारण कुणी हाक मारली नाही. आग उठली, धावली, बांध ओलांडून गेली आणि पलीकडे शेजारच्या वहिनीची पेंढ्याची उडवी रचलेली होती ती पेटली.

वहिनी म्हणजे आमच्या भावकीतल्या एकाची बायको. नवरा गेला आहे, मुलं ठाण्याला आहेत, आणि ती दोन म्हशींवर एकटीने घर चालवते. त्या उडवीत म्हशींचा पावसाळ्याचा चारा होता. आम्ही टहाळे घेऊन झोडपत राहिलो. आग तिथेच थांबली, पण उडवी वाचली नाही.

बाबा उठले नाहीत, नियमाप्रमाणे बसून राहिले. बसल्या जागेवरून ते म्हणाले, "वारा फिरला."

"फिरला, फिरला," कुणीतरी म्हणालं. मग सगळेच म्हणाले. माझा पदर अजून डोंगराकडेच उडत होता.

मला राग आला. काडी चुकीच्या टोकाला लागली याचा नव्हे. ती वयाची चूक होती, आणि वय कुणाला चुकलं आहे? पण ते वाक्य वयाचं नव्हतं. ज्या माणसाने आम्हा भावंडांना खोटं बोलल्याबद्दल उपाशी ठेवलं होतं, त्याचं होतं. वहिनी काळ्या पडलेल्या जागेकडे बघत राहिली आणि मग म्हशींना पाणी दाखवायला गेली.

गावाने आपली रीत पाळली. घराघरातून पेंढ्याचे भारे वहिनीकडे गेले, आमच्याकडून सगळ्यांत जास्त. म्हशी उपाशी राहिल्या नाहीत. पण वहिनी रोज सकाळी बाबांसाठी ताकाचा तांब्या घेऊन यायची, ते बंद झालं. ती भांडली नाही, टोमणा मारला नाही, फक्त आली नाही. बाबा सकाळी ओटीवर बसून तिच्या दाराकडे बघत. चार दिवसांनी त्यांनी बघणं सोडलं, पण भाकरीबरोबर दुसरं काही मागितलं नाही.

मतदानाची माणसं घरी आली, कारण इतक्या वयाच्या लोकांना आता घरीच मत देता येतं. बाबांना तो अपमान वाटला. पुठ्ठ्याच्या आडोशामागे त्यांनी मत दिलं. भाच्याने विचारलं, "कोनाला दिलं आजा?"

"नेक मानसाला," ते म्हणाले. तो शब्द मला त्या दिवशी कानात बोचला.

पुढच्या उन्हाळ्यात राब लावायच्या दिवशी सकाळी त्यांनी मला मागच्या अंगणात बोलावलं. आजूबाजूला कुणी नाही असं बघून विचारलं, "बाय, तुला वारा कळतो का गो?"

"कळतो."

"मग माज्या बाजूला उभी राहा. हळूच सांग."

त्यांच्या हातांना वाऱ्याचा स्पर्श कळेनासा झाला होता, पानं हलताना दिसत नव्हती. बरीच वर्षं ते सवयीने जात होते आणि सवय बरोबर निघत होती, इतकंच. मोठ्या माणसांच्या कानाशी कुणीतरी लागतं, असं मी पेपरात वाचलं होतं. ते पद मला मिळेल असं वाटलं नव्हतं. मी हो म्हटलं. म्हातारपणी बापाची लाज झाकावी, यात मला काही गैर दिसलं नाही.

उन्हं कलल्यावर सगळे बांधावर जमले. मागच्या वर्षीचेच लोक, त्याच जागी. मी बाबांच्या खांद्याशी जाऊन म्हटलं, "खालून येतोय." त्यांनी मान हलवली आणि डोंगराच्या अंगाला चालू लागले. माझ्या मागे कुणीतरी म्हणालं, "म्हातारा अजून पक्का हाय."

अर्ध्या वाटेत बाबा थांबले. बांधापलीकडची जागा मोकळी होती. वहिनीने या वर्षी उडवी तिथे रचलीच नव्हती, घराच्या पार मागे नेली होती. ती स्वतः मात्र बांधावर उभी होती.

"तुजी उडवी हितं असायची ना?" बाबांनी विचारलं.

"हां काका."

"का हलवलीस?"

"वारा फिरतो ना काका," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, हसलीही नाही. खरंच तेवढ्याचसाठी हलवली असावी, अशा सुरात ती बोलली.

बाबांनी खिशातून काड्यापेटी काढली. ते पुढे जाऊन काडी लावतील आणि सगळं निभावून जाईल, असं मला वाटत होतं. निभावून जावं असंही वाटत होतं, हे लपवत नाही.

"नाय फिरला होता," ते म्हणाले. सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. "मी चुकलो. नि मग खोटं बोललो. आतापन माज्या पोरीनं कानात सांगितलं. मला नाय कळत वारा." त्यांनी काड्यापेटी वहिनीपुढे धरली. "तू लाव."

बायकांनी गावचा पहिला राब लावल्याचं कुणाला आठवत नव्हतं, पण त्या वेळी तो विषय काढायची कुणाची हिंमत झाली नाही. वहिनीने पेटी घेतली. चिमूटभर माती उचलून बोटांतून सोडली, ती कुठे जाते ते पाहिलं आणि वरच्या टोकाला जाऊन काडी ओढली. आग कुरकुरत, सरपटत वाऱ्याच्या तोंडावर चालून आली.

"काका," तिने तिथून हाक मारली, "काडी मी लावली, पन बसायला तुमी या. मला म्हशी हायत."

ते गेले. राख गार होईपर्यंत तिथे बसून राहिले. दुसऱ्या सकाळी ओटीवर ताकाचा तांब्या होता. बाबांनी तो एका दमात संपवला आणि मिशा पुसल्या. मला रडू आलं, म्हणून मी आत जाऊन भांडी घासली.

संध्याकाळी टीव्हीवर पुन्हा तोच विषय निघाला. इतक्या वयाच्या माणसाने देश चालवावा की नाही, यावर चारपाच लोक एकदम ओरडत होते. भाच्याने आवाज कमी केला. "आता काय म्हनतोस आजा? वय बघायचं का नाय?"

"वय नको बघू," बाबा म्हणाले. "त्याला इचार, वारा कळतो का."

"कळतो म्हनल. सगळेच म्हनतात."

"म्हनू दे. जो नाय म्हनल त्याला माजं मत."

भाचा हसला. बाबा हसले नाहीत. असा उमेदवार अजून उभा राहिलेला नाही. बाबा वाट पाहत आहेत, आणि राब आता वहिनी लावते.